कार्डांत रस नसलेला माणूस

"तळघरात माझ्या भावाची, एमिल हुडाकची, ती पावातली कार्डं पडलीयेत अजून," डोलोरेस सॅबोल डबा खाता खाता म्हणाली. "आणि तिथेच बंब गळतोय. भिजतील एखाद दिवशी." शेजारी बसलेल्या नॉर्बर्ट रीमरच्या घशात हॅमचं सँडविच अडकलं.

केसलर फॉल्सच्या रस्ते खात्यात गोष्टी अडकणं नवं नव्हतं. डोलोरेस खड्ड्यांच्या तक्रारींचे फोन घेत असे, नॉर्बर्ट त्या तक्रारी जागच्या जागी लावून ठेवत असे, आणि खात्याचे साहेब वॉल्टर डीट्झ त्या तिथेच राहतील याची काळजी घेत असत.

"काय रे, ठसका?" डोलोरेसने विचारलं.

"मोहरी," नॉर्बर्ट डोळे पुसत म्हणाला.

मोहरीचा दोष नव्हता. चोपन्न साली गावातल्या झेलेन्का बेकरीने पावाच्या प्रत्येक पुडक्यात गावच्या बेसबॉल संघातल्या एका खेळाडूचं कार्ड घातलं होतं. संघ चोवीस जणांचा. त्यातले तेवीस नॉर्बर्टच्या घरी, वहीच्या प्लास्टिकच्या कप्प्यांत सुखाने नांदत होते. चोविसावा कप्पा रिकामा होता. तो एमिल हुडाकचा. तो भर जुलैत दुसऱ्या गावच्या संघाला विकला गेला, आणि विकल्या मालाची जाहिरात कोण करणार म्हणून बेकरीने त्याचं कार्ड पावातून काढून टाकलं. ओहायोतल्या कार्डांच्या सगळ्या बाजारांत नॉर्बर्ट हे कार्ड विचारत हिंडे. तिथे त्याला 'हुडाकवाला' म्हणत. एमिल मिशिगनमध्ये आहे असं कळल्यावर तो तिकडेही गेला आणि रिकाम्या घराची घंटा वाजवून परत आला. वही बघायला येणारा प्रत्येक जण तेवीस माणसं ओलांडून थेट त्या रिकाम्या कप्प्यावर बोट ठेवून विचारी, "हा कोण?" या प्रश्नाने नॉर्बर्टचं अर्धं आयुष्य खाल्लं होतं.

आणि डोलोरेस ही त्या हुडाकची बहीण निघाली. नऊ वर्षं शेजारच्या खुर्चीत.

"तूही तसलाच की काय? कार्डं जमवणारा?" तिने डोळे बारीक केले.

कार्डांच्या बाजारातला पहिला नियम असा, की ज्यासाठी जीव चाललाय त्याकडे बघायचंसुद्धा नाही. बघितलं की समोरचा जागा होतो. त्यात हे साल एक्क्याण्णव. अख्ख्या देशाला कार्डांचा ताप चढला होता. न्हावी, दंतवैद्य, पाद्री, सगळे पोरांच्या शिक्षणासाठी पुठ्ठे साठवत होते.

"मी? छे!" नॉर्बर्ट म्हणाला. "पुठ्ठ्याचे तुकडे ते. पोराटोरांचे खेळ. मला त्यात काडीचा रस नाही. पण बंब गळतोय म्हणालीस ना? तो बघतो मी."

"मलाही त्यातलं कधी काही कळलं नाही," वर्तमानपत्राआडून डीट्झसाहेब म्हणाले.

बंबातलं नॉर्बर्टला जे कळत होतं ते एवढंच, की त्यात पाणी असतं. शनिवारी तो डोलोरेसच्या तळघरात पालथा पडून पाना फिरवत होता. डोलोरेस जिन्यावर बसून बटाटे सोलत होती. समोरच्या फळीवर, हात लांबवला तर हाताला लागेल अशी, सिगारची लाकडी पेटी होती.

"हीच ती," ती म्हणाली. "बेकरीवाल्याने उरलेली सगळी एमिलची कार्डं पावाच्या टोपलीत घालून आईकडे आणून दिली. तिकडे पहिल्याच महिन्यात त्याचा खांदा गेला. मग काय, कातड्याच्या कारखान्यात जन्म काढला. अख्ख्या खेळाचं त्याच्याकडे एवढंच राहिलं."

"हं," नॉर्बर्ट बंबाला म्हणाला.

"आणि ही कार्डं दुर्मिळ झाल्यापासून तर माणसांनी छळलं त्याला. एक आला, त्याने फुकट छपराच्या पन्हळी साफ केल्या. एक दर रविवारी चेरीचा केक आणायचा. तिसऱ्या खेपेला प्रत्येकाच्या तोंडून तेच, 'एमिल, ती जुनी कार्डं असतील ना हो?' या हलकटांना चुकवायला त्याने दोनदा घर बदललं. आता इथल्या वृद्धाश्रमात आणलंय. कुणाला सांगितलेलं नाही."

बंबातून एक धार सुटली आणि नॉर्बर्टच्या कानात गेली. "हलकटच म्हणायचे," तो म्हणाला.

तिसऱ्या खेपेला विचारायचं नाही, एवढा धडा त्याने त्यातून घेतला. म्हणजे चौथी, पाचवी खेप आली. बंबानंतर डीप फ्रीझर हलवला. फ्रीझरनंतर ईस्टरआधीचा, मांस बंद आणि मासे चालू असा उपास सुरू झाला आणि दर शुक्रवारी डोलोरेसच्या चर्चच्या तळघरात मासे तळायला एक माणूस कमी पडू लागला. तो माणूस नॉर्बर्ट झाला. पाद्रीबाबांना तो इतका आवडला, की त्यांनी त्याला मोठी कढई दिली. दोन्ही मनगटांवर तेलाचे फोड आले.

"तुझ्या शर्टाला माशांचा वास येतोय," त्याची बायको जॉइस म्हणाली.

"चर्चमध्ये होतो."

"आपलं चर्च लूथरचं. तिथे न्यायला तुला खुर्चीतून उपटावं लागतं. आणि तू कॅथलिकांकडे जाऊन मासे तळतोस?"

"ऑफिसातल्या डोलोरेसला मदत म्हणून."

"असं," जॉइस म्हणाली. "म्हणजे बाई आहे."

एका वाक्यात हे मिटलं असतं. पण जॉइसला सांगितलेली गोष्ट केस कापणारीकडे जाई आणि तिथून गावात. कार्डाचं सांगावं की संशय पत्करावा, याचा नॉर्बर्टने नीट विचार केला आणि संशय पत्करला. त्या दिवसापासून तो बैठकीतल्या सोफ्यावर झोपू लागला.

उपास संपत आला तशी एक दिवस डोलोरेस म्हणाली, "चल, एमिलला भेटवते. मी सांगितलं त्याला, एक माणूस आहे, सगळं करतो आणि काही मागत नाही. त्याचा विश्वास बसत नाही."

वृद्धाश्रमातल्या खाटेवर एमिल हुडाक म्हणजे नाक आणि दोन भुवया एवढाच उरला होता. तळघरातून आणवून घेतलेली पेटी त्याच्या मांडीवर होती.

"याला काय पाहिजे?" त्याने बहिणीला विचारलं.

"काही नको रे त्याला."

"काही नको असलेला माणूस मी अजून बघितला नाही. ए, इकडे बस. जवळ."

नॉर्बर्ट बसला. एमिलने पेटी उघडली आणि वरचं एक कार्ड काढून मधल्या टेबलावर ठेवलं. नॉर्बर्टने जन्मात पहिल्यांदा ते प्रत्यक्ष पाहिलं. पिवळ्या पार्श्वभूमीवर एक लांबुडका पोरगा, हातात झेल घ्यायचा चामडी हातमोजा, चेहऱ्यावर पुढच्या आयुष्याबद्दलची संपूर्ण गैरसमजूत. चारही कोपरे सुईसारखे.

"कोण हा?" एमिलने विचारलं.

"कुणी... खेळाडू दिसतोय," नॉर्बर्ट म्हणाला. "टेनिस?"

एमिल त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. मग त्याने कॉफीचा कप उचलला. कपाच्या बुडाला ओघळ होता. त्याने तो कप शांतपणे कार्डावर ठेवला, त्या पोराच्या तोंडावर, आणि नॉर्बर्टवरची नजर न हटवता तो बोटाने गोल फिरवू लागला.

नॉर्बर्टने बुटात पायाची बोटं आवळली. त्याने हवामानाचा विचार केला. आईच्या मरणाचा विचार केला, पण त्याने तोंड जास्तच वाकडं होऊ लागलं, म्हणून पुन्हा हवामानावर आला.

"यंदा बर्फ लवकर वितळलं," तो म्हणाला.

एमिलने कप उचलला. पोराच्या तोंडावर तपकिरी वर्तुळ उमटलं होतं. नॉर्बर्टने जांभई दिली. असली जांभई द्यायला छाती लागते.

"डोली," एमिल बहिणीला म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. "याला खरंच काही कळत नाही गं. सदतीस वर्षांत असा ठोंब्या भेटला नाही. माझं झालं की पेटी याच्याच हाती दे. शवपेटीत माझ्या उजव्या हाताखाली ठेवायची, सगळीच्या सगळी. त्या गिधाडांना एकसुद्धा मिळता कामा नये. याच्या हातून जाणार नाही."

नॉर्बर्टच्या तोंडून त्या वेळी खरं बाहेर पडलं असतं तर पडलं असतं. तोंड त्याने उघडलंही. पण डोलोरेसने त्याचा फोड आलेला हात दोन्ही हातांत घेतला आणि म्हणाली, "देवच भेटलास रे." देवाने तोंड मिटलं.

ईस्टरच्या आठवड्यात एमिल गेला. गावातला अंत्यविधीवाला क्लिमेक, चार पिढ्यांचं दुकान, आवाज असा की ऐकणाऱ्याला आपणच गेल्यासारखं वाटावं. त्याच्या दिवाणखान्यात शवपेटी ठेवली होती. खांदा द्यायला डीट्झसाहेब आपण होऊन पुढे आले, आणि त्याचं सगळ्यांना कौतुक वाटलं, कारण खड्डा बुजवायला ते कधी आपण होऊन पुढे आले नव्हते.

"माझ्याच्याने त्याच्याकडे बघवत नाही," डोलोरेस दारातच म्हणाली आणि पेटी नॉर्बर्टच्या हातात दिली. "तूच ठेव जा."

"मी बाहेर थांबतो. सावकाश होऊ द्या," क्लिमेकने दार ओढून घेतलं.

नॉर्बर्टने पेटी उघडली. रबरबँड लावलेला विटेएवढा गठ्ठा. एवढ्यातून एक. एमिलला एक कमी पडल्याचं कळणार नव्हतं, नॉर्बर्टला मात्र ते रोज कळणार होतं. वर कपाचा डाग पडलेलं होतं. तेच घेतलं असतं तर पाप निदान थोडं मळकं, गरिबाचं वाटलं असतं. त्याने ते बाजूला ठेवलं. पुढच्याचा कोपरा दुमडलेला. त्याच्या पुढच्याची छपाई डावीकडे सरकलेली. चोरीच करायची तर घाईने कशाला? तो खिडकीच्या उजेडाशी गेला.

"झालं का?" दारावर टकटक झाली.

"प्रार्थना चाललीये," नॉर्बर्ट एक कार्ड डोळ्याशी धरत म्हणाला.

हे निर्दोष होतं. त्याने ते कोटातून आणलेल्या कडक प्लास्टिकच्या पाकिटात सरकवलं आणि छातीच्या खिशात ठेवलं. कोट अंत्यविधीचा, पाकीट मात्र त्याने घरूनच आणलं होतं, कारण सवय. गठ्ठा पेटीत घातला, पेटी एमिलच्या उजव्या हाताखाली. एमिलकडे त्याने बघितलं नाही. पहिला नियमच तो.

बाहेर येताच डोलोरेस त्याच्या छातीवर कोसळली. शेवटच्या दर्शनाला एकेक करून आत जायला सगळं गाव रांगेत उभं होतं. कार्ड वाकू नये म्हणून नॉर्बर्टने तिला दोन्ही खांद्यांना धरून हातभर लांब ठेवलं. ती रडत पुढे येई, तो तिला मागे धरी. जॉइस मागच्या बाकावरून बघत होती.

"काय टोचतंय रे खिशात?" डोलोरेसने हुंदक्यातून विचारलं.

"चष्म्याचं घर."

"चष्मा तर तू घातलायस."

"हा लांबचा."

घरी येऊन त्याने चोविसावा कप्पा भरला. वही मिटली, उघडली, पुन्हा मिटली. तो आनंद पुरता बसण्याआधीच त्याच्या लक्षात आलं, की ही वही आता कुणालाही दाखवता येणार नाही. गावच्या पेपरात आलं होतं, 'एमिल हुडाक आपली सारी कार्डं बरोबर घेऊन गेले, एका निरपेक्ष मित्राच्या हातून.' खाली नॉर्बर्टचं नाव. रिकामा कप्पा होता तोवर वही बघायला माणसं येत होती. आता पाहुणा आला की वही पलंगाखाली जाई. जॉइसने ती लपवाछपवी पाहिली आणि त्या बाईची पत्रं असणार असं धरून चालली. ती बहिणीकडे राहायला गेली. दुपारी डोलोरेस आपल्या डब्यातल्या बटाटा भरलेल्या पिरोगी त्याच्या ताटात वाढे आणि म्हणे, "तू नसतास तर मी कुणावर विश्वास ठेवला असता?"

आणि हुडाकवाला अचानक हुडाक विचारायचा थांबला तर बाजारात बोभाटा होईल, म्हणून दर महिन्याला गाडी काढून, पेट्रोल जाळून, जे घरी होतं ते विचारत हिंडणं चालूच ठेवावं लागलं.

हिवाळ्याच्या तोंडावर कँटनच्या बाजारात त्याने नेहमीप्रमाणे ऑगी नावाच्या म्हाताऱ्या विक्रेत्याला विचारलं, "हुडाक?"

"कुठल्या कोपऱ्यांचा पाहिजे?" ऑगी म्हणाला आणि त्याने तबक पुढे ओढलं. तबकात एमिल हुडाक एकाला एक लागून उभे होते. पिवळी पार्श्वभूमी, लांबुडका पोरगा. एकाच्या तोंडावर तपकिरी वर्तुळ.

"कुठून..." नॉर्बर्ट तबकावर वाकला.

"तुझ्या गेल्या खेपेनंतर एकदम सुटलाय माल. विकणारे वेगवेगळे, पण प्रत्येकाकडे अगदी एकच. आजोबांच्या जुन्या पावात सापडलं म्हणतात. पहिल्यावर उड्या पडल्या, आता कुत्रं विचारत नाही."

नॉर्बर्टने मान वर केली. तबकाच्या पलीकडे, कान झाकणारी टोपी ओढून, डीट्झसाहेब उभे होते. त्यांच्याशेजारी क्लिमेक. थोडं मागे, कॉलर वर करून, मोठी कढई देणारे पाद्रीबाबा.

"साहेब, तुम्ही इथे?"

"भाच्यासाठी आलो," डीट्झसाहेब म्हणाले. "मला यातलं काय कळतंय!"

"मी नुसता गाडी लावायला जागा शोधत होतो," क्लिमेक म्हणाला. सभागृहाच्या ऐन मधोमध.

पाद्रीबाबा छताकडे बघत होते.

तेवढ्यात ऑगी खुर्चीवर चढला आणि ओरडला, "मंडळी, इकडे बघा! आपल्या हुडाकवाल्याला अखेर हुडाक मिळालं! हे माझ्याकडून फुकट रे बाबा, तुझ्या चिकाटीला!" त्याने एक कार्ड नॉर्बर्टच्या हातात कोंबलं. सगळं सभागृह टाळ्या वाजवू लागलं. जागा शोधणारा क्लिमेक सगळ्यांत जोरात वाजवत होता.

नॉर्बर्ट हसला. डीट्झसाहेबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"अभिनंदन, रीमर. सचोटीच्या माणसाला उशिरा का होईना, मिळतं."

"अगदी," पाद्रीबाबा म्हणाले, आणि क्लिमेकने, धंद्याची सवय म्हणून, टोपी काढून छातीशी धरली.