शेवटचा फर्मा

शेषराव कापगत्यांच्या क्वार्टरमध्ये त्या संक्रांतीला पुस्तकांनी माणसांना जागाच ठेवली नव्हती. सेक्टर सहामधल्या दोन खोल्या त्या केवढ्या! दिवाणाखाली पुस्तकं, शिलाई मशीनवर पुस्तकं, आणि आतल्या खोलीत लोखंडी कपाटासमोर तर गठ्ठ्यांची अशी भिंत रचलेली की कपाटाचं नुसतं वरचं टोक दिसावं. कादंबरी एकच, 'निखाऱ्यावर नलू'. लेखक शेषराव, प्रकाशक शेषराव, आणि आता गोदामही शेषरावांचंच.

पोलादाच्या प्लांटच्या टाइम ऑफिसात दिवसभर दुसऱ्यांच्या हजेऱ्या लावणारा हा माणूस संध्याकाळी घरी येऊन नलूला छळत असे. नवरा परदेशी निघून गेलेली ही नलू कादंबरीभर सोसते, आणि शेवटच्या प्रकरणात त्याची वाट पाहत, खोकत खोकत, तब्बल सोळा पानं प्राण सोडते. ती सोळा पानं म्हणजे शेषरावांचा जीव की प्राण. एका तरी माणसानं ती वाचून रडावं, एवढंच त्यांना आयुष्याकडून हवं होतं. पण पुण्याच्या प्रकाशकानं हस्तलिखित परत पाठवलं, नागपूरच्यानं परत पाठवण्याचेही कष्ट घेतले नाहीत. आणि बायको कमलिनी "मरते का शेवटी? मंग मी नाही वाचत बाप्पा," म्हणून मेथी निवडायला बसली ती बसलीच.

अशा वेळी धावून आले ते शेजारचे पंजाबराव लांजेवार. पंजाबरावांनी पूर्वी स्वखर्चानं कवितासंग्रह काढला होता आणि त्याच्या प्रतींवर त्यांच्या घरातला पाण्याचा ड्रम अजून भक्कम उभा होता. त्यामुळे प्रकाशनातलं आपल्याला सगळं कळतं, असा त्यांचा समज होता.

"शेषराव, जमाना बदलला," पंजाबराव चहा बशीत ओतत म्हणाले. "तिकडे ऑफसेटची छपाई येऊन राहिली, इकडे टीव्ही येऊन बसला. प्रकाशकाच्या दारात कायले बसता? आता लेखकानंच छापाचं अन् लेखकानंच खपवाचं."

"छापलं असतं हो. पण खपवू कसं?"

"मी सांगतो ना! फुकट कोणाले द्याचं नाही, सख्ख्या सासऱ्याले बी नाही. 'सप्रेम भेट' लिवलं का पुस्तक मेलं समजा. अन् प्रकाशनाले मोठा साहेब पायजे. त्याच्या हातानं गठ्ठ्याची सुतळी सुटेपर्यंत घरच्या माणसानं बी पुस्तक उघडाचं नाही."

"इतकी अक्कल तुमच्या पुस्तकाच्या टायमाले कुठं गेली होती, भाऊजी?" कमलिनीनं आतून विचारलं.

"तवा मले सांगणारं कोणी नव्हतं ना, वहिनी," पंजाबराव कळवळून म्हणाले.

झालं. दुर्गच्या रामाजींच्या छापखान्यात नलू छापली गेली आणि एका दुपारी सायकलरिक्षातून घरी आली. सोबत आलेल्या रामाजींनी लाल सुतळीचा एक गठ्ठा वेगळा काढून दिला.

"याच्यात बायंडिंगवाल्यानं शेवटचा फर्मा घातलाच नाही जी. हे रद्दीत घाला."

फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर छापून दुमडलेली सोळा पानं. म्हणजे नलूचं मरण बरोब्बर एका फर्म्याचं होतं, आणि लाल सुतळीच्या गठ्ठ्यात नलू मरायचीच राहून गेली होती. शेषरावांना तिला रद्दीत घालवेना. त्यांनी तो गठ्ठा हळूच शिलाई मशीनवर ठेवून दिला.

दोन दिवसांनी कमलिनीचं हळदीकुंकू. शेषराव आणि पंजाबराव दोघंही संध्याकाळी प्लांटचे मोठे साहेब तेजराम यांच्या बंगल्यावर प्रकाशनाचं आमंत्रण द्यायला गेले होते. इकडे बायका जमल्या, तिळगूळ झाला, अत्तर लावून झालं, आणि वाण लुटायची वेळ आली तेव्हा कमलिनीच्या लक्षात आलं की वाणाच्या स्टीलच्या वाट्या लोखंडी कपाटात आहेत. आणि कपाटासमोर नलू डोक्यापर्यंत रचून ठेवलेली! एक गठ्ठा हलवायला गेली तर चार अंगावर यायला लागले. बाहेर सवाष्णी पदर पसरून बसलेल्या. रिकाम्या हातानं पाठवायच्या की काय? कमलिनीनं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि लाल सुतळी तोडली.

शेषराव घरी आले ते साहेबांचा होकार घेऊन, छाती पुढे काढून. मशीन रिकामं दिसलं आणि छाती जागेवर आली.

"अवं, लाल गठ्ठा कुठं गेला?"

"वाणात दिला."

"पुस्तक? वाणात? फुकट? अन् थे बी बिनशेवटाचं?"

"मंग काय कपाट फोडू? तुमच्या नलूनं माह्या वाट्या कोंडून ठेवल्या. थे तं रद्दीत जाणारंच होतं ना?"

"सकाळीच जा अन् एकेक परत मागून आण!"

"वाण परत मागू?" कमलिनीनं कपाळावर हात मारला. "सवाष्णीच्या ओटीत घातलेलं परत मागत असते का कोणी? डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

सोबत आलेले पंजाबराव सल्ला न देताच पायात चपला घालून निघून गेले.

आता वाणाची एक गंमत असते. ते घरात टिकत नाही. ह्या घरी मिळालेली गाळणी त्या घरी जाते, त्या घरची साबणदाणी पुढच्या घरी. रथसप्तमीपर्यंत बायकांचं हे फिरतं खातं चालूच असतं. त्यात गाळणी वाचता येत नाही, पुस्तक वाचता येतं. देण्याआधी दुपारी जरा चाळावं म्हणून प्रत्येक घरी नलू उघडली गेली, रात्रीची भाजी करपेपर्यंत वाचली गेली, आणि मग हळदीकुंकवाला पुढे गेली. बघता बघता नलू सेक्टर ओलांडून शेजारच्या कोहक्याला पोचली, कुरुदला गेली, दुर्गलाही जाऊन आली. एक प्रत तर फिरत फिरत कमलिनीच्याच ओटीत येऊन पडली. तिच्या पानापानावर हळदीची बोटं उमटली होती.

शेषरावांना ह्यातलं काही ठाऊक नव्हतं. घरी बायकांची वर्दळ वाढली होती, एवढं मात्र त्यांना दिसत होतं. ओळखीच्या यायच्या, बिनओळखीच्या यायच्या, थेट स्वयंपाकघरात जायच्या. आत कुजबुज चाले, मग एकदम खसखस पिके, आणि बाया समाधानानं पदर सावरत बाहेर पडत. "काय चालू हाय?" असं विचारलं की कमलिनी म्हणे, "बायकाईचं हाय. तुमी भाषण लिवा."

प्रकाशनाच्या दिवशी मराठी मंडळाचा हॉल पाहून शेषरावांचे डोळेच फिरले. एरवी साहित्याच्या कार्यक्रमाला मंडळाचे सेक्रेटरी, त्यांचे मेहुणे आणि माइकवाला येत. आज बायकांनी सतरंज्या भरून गेल्या होत्या, आणि नवरे भिंतीला टेकून उभे होते.

"पाहा! माह्या सल्ल्याचा गुण," पंजाबराव त्यांच्या कानाला लागले. "आज तुमच्या शेवटावर सारा हॉल रडते का नाही, थे पाहा."

तेजराम साहेबांनी सुतळी सोडली, पुस्तक उंच धरलं, टाळ्या झाल्या. मग साहेब बोलायला उभे राहिले. साहेबांना ब्लास्ट फर्नेसमधून मान वर काढायला फुरसत नसे. वाणातून फिरत आलेलं पुस्तक त्यांच्या पत्नी वसुंधराबाईंनी वाचलं होतं आणि जेवताना त्यांना सांगितलं होतं.

"मित्रहो," साहेब म्हणाले, "मराठी कादंबऱ्यांत नेहमी बाई मरते. पण श्री. कापगते यांनी काय धाडस केलं आहे! नलू रडत बसत नाही. ती प्लांटच्या कामगारांसाठी खानावळ काढते. आणि शेवटी नवरा परत येतो, तेव्हा ती त्याला काय म्हणते? 'आलात? बरं झालं. डबे घासायला माणूस पाहिजेच होता!' वा! ह्याला म्हणतात शेवट!"

हॉल टाळ्यांनी दणाणला. कमलिनीकडून वाण घेऊन गेलेल्या भागीरथाबाई तर शिट्टी मारायच्याच काय त्या राहिल्या. शेषरावांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी हातातलं पुस्तक उघडून पाहिलं. नलू जागेवर होती आणि खोकत होती.

ते खाली वाकून पहिल्या रांगेतल्या कमलिनीला म्हणाले, "हे कोणं सांगतलं?"

"मी," कमलिनी पुटपुटली. "बाया पुढचं विचारून राहिल्या होत्या."

"मंग खरं सांगाचं ना!"

"हळदीकुंकवाच्या दिवसात मरण सांगू? घरात आलेल्या सवाष्णीले? मले नाही जमलं बाप्पा."

तेवढ्यात लेखकाचं नाव पुकारलं गेलं. कार्यक्रमपत्रिकेत छापलंच होतं: लेखक शेवटचं प्रकरण वाचून दाखवतील. शेषराव माइकसमोर उभे राहिले. समोर सगळ्या बायका कौतुकानं मान वर करून बसलेल्या. खानावळ वाचावी तर ती लिहिलेलीच नाही. नलूला मारावं तर ह्यांच्यासमोर मारायचं. पण इतकी वर्षं ह्याच क्षणासाठी तर काढली होती! शेषरावांनी घसा खाकरला आणि धीर करून सुरुवात केली.

"'नलूला खोकल्याची उबळ आली...'"

"काढा द्या म्हणा तिले!" मागून आवाज आला.

"'तिच्या डोळ्यांपुढे अंधार दाटला...'"

"अवो भाऊजी, हे कोणतं वाचून राहिले?" भागीरथाबाई उभ्याच राहिल्या. "नलू तं धडधाकट हाय!"

"माझ्या मते छापखान्याची चूक आहे," वसुंधराबाई शांतपणे म्हणाल्या. "दुसऱ्या कुठल्या तरी पुस्तकाची पानं ह्याला लागली आहेत."

"अहो, मी लेखक आहे!" शेषराव कळवळले. "नलू मरते! मीच मारली आहे तिला!"

हे बोलायला नको होतं. हॉलमध्ये असा काही गिल्ला झाला की सेक्रेटरींनी घाईघाईनं आभार मानून टाकले, आणि माइकवाल्यानं शेषरावांच्या हातून माइक काढून घेतला.

बाहेर विक्रीच्या टेबलाशी शेषराव मान खाली घालून बसले. आता एकही प्रत जायची नाही, घरी पुन्हा ती भिंत, आणि पुढच्या संक्रांतीलाही वाट्या कपाटातच. पण समोर रांग लागली होती. सगळ्यात पुढे भागीरथाबाई.

"एक द्या. माह्यावाली वाणात गेली. पण भाऊजी, थे बिनमरणाची द्या हं. हे असं अशुभ घरात नको."

"तशी संपली," शेषराव म्हणाले.

"संपली कशी?" पंजाबराव पुढे सरसावले. जमाना बदलला की सल्लाही बदलतो. त्यांनी टेबलावरची प्रत उचलली, शेवटचा फर्मा धरला आणि टर्रकन ओढला. "घ्या वहिनी. नलू जिवंत!"

शेषरावांच्या काळजातच टरकलं, पण रांग पुढे सरकायला लागली. मग तेही फाडायला बसले. कमलिनी फाडलेले फर्मे एकावर एक रचून सुतळीनं बांधत होती. महिन्याभरात कपाटासमोरची भिंत उतरली, आणि नलूच्या मरणाचे गठ्ठे रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढले. ते जाताना शेषराव घरात नव्हते. मुद्दामच बाहेर गेले होते.

उन्हाळा लागल्यावर एका संध्याकाळी दोघं सिव्हिक सेंटरच्या बाजाराकडे फिरायला गेले. ठेल्यावरून शेषरावांनी भाजलेले शेंगदाणे घेतले आणि बाकावर येऊन बसले. दाणे संपले तरी कमलिनीनं पुडीचा कागद टाकला नाही. दिव्याखाली धरून ती काहीतरी वाचत होती. शेषरावांनी वाकून पाहिलं. पहिली ओळ त्यांना पाठच होती. नलूला खोकल्याची उबळ आली.

कमलिनीनं पान उलटलं. मागची बाजूही वाचली. मग पदरानं डोळे पुसले, आणि पुसले तरी ते पुन्हा भरून आले.

"काय झालं वं?" शेषरावांनी विचारलं.

"बिचारी," कमलिनी नाक ओढत म्हणाली. "इतकं चांगलं लिवलं अन् मले एकदा बी वाचून नाही दाखवलं तुमी."

मग तिनं त्यांना कोपरानं ढोसलं. "अवो, बसून काय राहिले? उठा, आणखी दाणे आणा. पुढचं पान पायजे ना मले!"