ऑझेलाबाईंनी गाळलेलं वाक्य

मी हाती घेतलेला कार्यक्रम फसत नाही! अमेरिकेतल्या आमच्या अ‍ॅक्रन गावच्या दैनिकात उभा जन्म इतरांच्या बातम्यांतल्या चुका काढण्यात गेला. आमच्या चर्चचा सप्टेंबरातला महिला दिन म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ!

ठिणगी टाकली ऑझेला पेटवे मावशीनं. वय ऐंशीच्या पुढं, आवाज रणगाड्यासारखा.

"वर्नेल, डॉक्टर म्हणतो नाताळ दिसणार नाही. मला एकदा तिथून बोलायचंय."

तिचं बोट व्यासपीठाकडे होतं. आमच्या चर्चमध्ये बाईनं खालच्या स्टँडवरून बोलायचं. वर जायचं ते फक्त धूळ पुसायला.

मी योजना आखली. अठराशे एक्कावन्न साली, गुलामीतून सुटलेल्या सोजर्नर ट्रुथनं आमच्याच गावात, तेही एका चर्चमध्येच, काळ्यांच्या आणि बायकांच्या हक्काचं भाषण केलं होतं. उन्हाळाभर दर बुधवारी आम्ही बायकांनी त्याचा अभ्यास करायचा आणि महिला दिनी मावशीनं ते म्हणायचं. असं भाषण खालून करा म्हणायला कुणाची जीभ रेटेल?

पहिल्याच बुधवारी जुंपली.

"भाषणाचं जे रूप प्रसिद्ध आहे तेच घे," आमच्यातली लुडीन म्हणाली.

"ते बारा वर्षांनी दुसऱ्या बाईनं लिहिलंय! न्यूयॉर्ककडच्या, लहानपणी डच बोलणाऱ्या बाईच्या तोंडी दक्षिणेची बोली घातलीय! भाषण झालं त्याच वर्षी पेपरात छापून आलेलं घ्यायचं!"

"लोकांना दुसरंच पाठ आहे!"

"लोकांना चुकीचंच पाठ असतं!"

लुडीननं पुढचे कित्येक बुधवार मला तिचं गोड पीच कॉब्लर वाढलं नाही. पण मजकूर माझाच ठरला.

कारभारी डीकन बॅस्कम यांची जीभ मात्र सहज रेटली.

"खालून बोलतील. माझ्या वडिलांच्या वेळेपासून तसंच आहे."

"निदान सगळ्या बायकांना ऐकू तरी द्या! दरवर्षी निम्म्या तळघरात चिकन तळत असतात."

"तळण मी बघतो. सैन्यात पलटणीला जेवू घातलंय!"

महिला दिनी आम्ही सगळ्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत, साबणाच्या जाहिरातीसारख्या! मावशी उठली, स्टँडपाशी आली, थांबली. मग वळून तिनं व्यासपीठाच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला.

पायरी करकरली. तिच्या बरोबर खाली स्वयंपाकघर. तेल तसंच उकळत टाकून डीकन वर धावले, हातात चिमटा!

"सिस्टर पेटवे, पाय खाली घ्या!"

"गुडघा दुखतोय. टेकवलाय नुसता."

"मग स्टँडवर टेकवा!"

"धूळ पुसायला चढते तेव्हा चिमटा घेऊन येत नाही तुम्ही!"

तेवढ्यात जमिनीतल्या जाळीतून काळा धूर उसळला. अलार्म कोकलला. पाद्रीबाबांनी अंगणात पोचून "शांतपणे बाहेर या" असं सांगितलं. मी पांढरे झगे मोजले. एक कमी!

तोंडावर रुमाल धरून मी परत आत शिरले. बाकं रिकामी. गुडघाभर धुरात, व्यासपीठावर मावशी! खोकत, पण शब्दाशब्दानं भाषण चाललेलं. त्या भाषणाची सुरुवात बोलायची परवानगी मागण्यापासून होते. तेवढं वाक्य तिनं गाळलं होतं, हे मला नंतर तिच्याकडूनच कळलं.

कुऱ्हाड घेऊन अग्निशमनवाला आत आला. "बाई, उतरा!"

"आलंच संपत."

त्यानं तिला पिठाच्या पोत्यासारखी खांद्यावर टाकली. शेवटची वाक्यं तिनं उलटं लोंबकळत पूर्ण केली. श्रोते आम्ही दोघं, त्यातल्या एकाच्या कानावर शिरस्त्राण!

स्वयंपाकघर तेवढं जळलं. नोव्हेंबरपर्यंत ते दुरुस्त झालं. मावशी झाली नाही.

शवपेटी खाली, स्टँडशेजारी ठेवली होती. डीकन वरून बोलले, "सिस्टर पेटवे यांनी उभ्या आयुष्यात कधी पायरी ओलांडली नाही."

मी उभी राहिले. "दुरुस्ती! एकदा ओलांडली. सगळ्या ओलांडल्या. मी पाहिलंय."

मला अजून पुष्कळ सांगायचं होतं. लुडीननं माझी बाही ओढली.

"खाली चल आता. जेवणाचं तेल तापलंय, आणि डीकनना परत तळायला पाठवायची सोय नाही!"

मी गेले. तळणाला माझाच नंबर होता.