टाळ्या बाबलच्या

बाबलला रस्ता कधी विचारू नका. आमच्या डिचोलीत तुम्हाला देवळात जायचं असलं तरी तो सांगणार, "निळ्या जनेलाच्या तावेर्नाकडे वळा, मगे दोन पायऱ्यांचो बार लागता, थंयसून कळस दिसता." देवाचा पत्तासुद्धा निळ्या खिडकीच्या दारूच्या दुकानावरून! दारू सोडून त्याला दीड वर्ष झालं, पण पत्ते अजून तेच.

बाबल माझा शेजारी. पाळी गावच्या खाणीवर ट्रक चालवायचा. खाण बंद पडली, ट्रक दारात उभा राहिला आणि बाबल पीत बसला. मी पंचायतीतला निवृत्त कारकून. लपवत नाही, माझा या माणसावर जळफळाट होतो. मी उभ्या जन्मात थेंबाला शिवलो नाही. गोव्यात राहून, हं! पण बायको कधी म्हणाली का, "कमाल आहे हो तुमची"? छे! बाबल एक संध्याकाळ न पिता घरी आला, तर ही वाटीभर खीर घेऊन धावली. "आज शुद्धीत आहेत बाबलभावजी, तोंड गोड नको करायला?" मी बासष्ट वर्षं शुद्धीत आहे. मला त्या दिवशी पेज होती.

बरं, दारू सोडलेल्यांची ती मीटिंग त्याला शोधून द्यायला स्कूटर कोणाची झिजली? माझी. एका सकाळी तो फाटकाशी उभा. "भाऊ, डिचोलीत सोडलेल्यांची मीटिंग भरता म्हणतत. खंय ता माका गावना नाय. दोनदा जावन परत इलंय."

आम्ही पंचायतीत विचारलं, आरोग्य केंद्रात विचारलं, शाळेत विचारलं. कोणालाच धड माहीत नाही. येणाऱ्यांची नावं बाहेर फुटायची नाहीत म्हणून ते लोक दारावर पाटीच लावत नाहीत म्हणे. पाटी नाही, रजिस्टर नाही, काय हा कारभार! शेवटी बाबल म्हणाला, "तावेर्नात विचारूया."

"अरे, तिथं कसं विचारायचं?"

"मगे दुसऱ्या कोणाक म्हायत आसतला?"

आणि खरंच. निळ्या जनेलाच्या तावेर्नातला बारवाला ग्लास पुसता पुसता म्हणाला, "माझी सात गिऱ्हायका थंयच गेली. मागल्या गल्लीत जुन्या शाळेची खोली. बुधवारी, सांजचे स वाजता." मग तो गल्ला सोडून बाहेर आला, बाबलच्या खांद्यावर हात ठेवला आणि गहिवरून म्हणाला, "जा बाबल. परत येव नको." असा निरोप मला माझ्या ऑफिसनेसुद्धा दिला नव्हता. माझ्याकडे वळून तो म्हणाला, "तुमका काय देव? फेणी?"

त्यानंतर दर बुधवारी टाळ्यांचं पुराण. अमुक दिवस झाले म्हणून बाबल उठून उभा राहतो, खोलीभर टाळ्या. वर्ष झालं तेव्हा तर केक कापला आणि उरलेला आमच्याकडे आणून दिला. बायकोने डोळे पुसत खाल्ला. माझ्या निरोप समारंभात वीज गेली होती आणि सगळ्यांचे हात वारा घेण्यात गुंतले होते. टाळ्या राहूनच गेल्या.

पण एक गोष्ट मला खटकायची. मीटिंग सहाची, वाट दहा मिनिटांची, आणि हा पाचलाच घर सोडायचा. पीतच असणार! खरं सांगतो, मला तशी आशाच होती. गेल्या बुधवारी मी मागोमाग गेलो. बाबल निळ्या जनेलाच्या तावेर्नासमोर बदामाच्या झाडाखाली उभा. काखेत कागदात बांधलेल्या पोळ्या, म्हणजे आमच्याकडचे बेकरीतले पाव.

"सापडलास!" मी ओरडलो.

"हळू भाऊ. गजा भितर आसा."

गजा त्याचा धाकटा भाऊ. वेगळा राहतो, बोलणं तुटलेलं. एवढंच मला ठाऊक होतं.

"ताका पयलो ग्लास मीच दिलंय," बाबल म्हणाला. "नाक धरून पिलो तो, नि मी हसलंय."

"मग आत जाऊन ओढून काढ ना त्याला!"

"ओढून कोण येता? मी इलंय? कधीतरी तो बारवाल्याक पत्तो विचारतलो. विचारून भायर इलो की वाट दाखवूक कोणतरी होयो. एकट्याक ती खोली गावना नाय, भाऊ. म्हणान मी हंय रवतंय."

दीड वर्ष, दर बुधवारी. मीही झाडाखाली त्याच्या शेजारी उभा राहिलो.

सहा वाजत आले तेव्हा तावेर्नाचं दार उघडलं. गजा उंबऱ्यावर आला. त्याने बाबलला पाहिलं आणि तिथंच थांबला. पुढे येईना, आतही जाईना. बाबलने त्याच्यावरची नजर न काढता पोळ्या माझ्या हातात दिल्या. "भाऊ, तुमी जावा. माझी खुर्ची धरून ठेवा. बाजूची पण."

मी जवळजवळ धावतच गेलो. एका खुर्चीवर रुमाल टाकला, दुसरीवर पोळ्या ठेवल्या, मध्ये उभा राहिलो. कोणीतरी प्रेमाने विचारलं, "पहिल्यांदाच आलात?"

"हो," मी म्हणालो.

सगळी खोली उठून टाळ्या वाजवू लागली. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा माझ्यासाठी. आणि मी मेला दाराकडेच बघत होतो.