पिसाऱ्याला चाक लावायचं नाही

पोरीच्या स्केटिंगमध्ये आता आपणच लक्ष घालायचं, असं मी एका सोमवारी भांडी घासता घासता ठरवलं. आमच्या घरात मी काही ठरवलं की आमचे हे आधी पंखा बंद करतात आणि मग चपला शोधायला लागतात. (पंखा का बंद करतात ते मला अजून कळलेलं नाही. माणूस तर आता वाचत नाही, निदान वीज तरी वाचू दे, असं असेल.)

लक्ष घालायचं कारण असं. आमची वैष्णवी सातवीत आहे. चाकाच्या बुटांवर ती लहानपणापासून पळते. पण नुसतं पळून भागत नाही म्हणे. जमिनीवर मोठा गोल आखलेला असतो, त्या गोलावरून नाचल्यासारखं जायचं, जाता जाता एका पायावर गर्रकन फिरून पाठमोरं व्हायचं आणि न थांबता तसंच मागं मागं जायचं. त्याची टेस्ट असते. मागच्या टेस्टला ही वळताना धपकन खाली बसली आणि नापास झाली. तेव्हापासून स्केटिंग शिकवणाऱ्या आरिफ सरांनी तिला बारक्या पोरांच्या बॅचमध्ये घातलंय. बारकी म्हणजे किती? एकाचे तर पुढचे दुधाचे दात पडलेत, नवे यायचेत अजून. त्यांच्यात आमची ताडमाड पोरगी उभी राहिली की कोंबडीच्या पिलांत शेरडू शिरल्यासारखं दिसतं.

"या वेळी नापास झाले ना आई, तर हे बूट कुणाला तरी देऊन टाक," ती म्हणाली. रडली नाही. रडली असती तर धपाटा घालून गप्प केलं असतं. पण ती बुटाची चाकं पुसत पुसत हे बोलली, म्हणून मी हातातलं भांडं खाली ठेवलं.

टेस्ट रविवारी. रिंकवर मोठ्या पोरांची हॉकी, तिथं जागा मिळेना.

"गच्चीवर कर की सराव," मी म्हणाले.

"तिथं गोल कुठंय?"

"आखू की!"

ह्यांनी पेपरातून डोकं काढलं. "खडूनं आख. न्हायतर विटकरीच्या तुकड्यानं."

"खडूनं? माझ्या हातची रांगोळी बघाया अख्खं नातेपुतं गाव दारात जमायचं, आन् मी खडूनं आखू व्हय?"

(अख्खं नातेपुतं म्हणजे माझी मावशी आणि तिच्या जावा. पण जमायच्या.)

मंगळवारी पहाटेच गच्ची धुतली, गेरू लावला. मधोमध लाटणं रोवल्यासारखं धरायला ह्यांना बसवलं, लाटण्याला सुतळी बांधली आणि दुसरं टोक हातात घेऊन ह्यांच्याभोवती फिरले. असा गोल उठला की कंपासपेटीवाल्यांनी दुकान बंद करावं. इथं थांबायला हवं होतं. शहाणी बाई थांबली असती. पण नुसता पांढरा गोल बघून गच्ची सुतकात असल्यासारखी वाटायला लागली. म्हणून जिथं पोरीनं वळायचं तिथं एकेक कमळ काढलं. कमळाला शोभा यावी म्हणून कुयऱ्या. आणि एका बाजूला थुईथुई मोर. त्याचा पिसारा असा फुलला, असा फुलला, की रेघ ओलांडून पाण्याच्या टाकीपर्यंत गेला.

शेजारची सुंदरम्मा धुणं वाळत घालायला आली. मूळची दुधनीची, आनंद झाला की तिला कन्नड फुटतं.

"अय्यय्यो! भाळ छलो, भाळ छलो! लई झ्याक! अन् अक्का, ह्याच्यावर पोरगी चाकं फिरवनार?"

"मग? तिच्यासाठीच काढलीय."

सुंदरम्मानं पिसाऱ्याला हात जोडले आणि बादली घेऊन भिंतीला चिकटून पलीकडं गेली.

वैष्णवी बूट चढवून आली आणि दारातच थबकली.

"आई, ह्याच्यावरून जायचं?"

"मग काय इमानात बसून जातीस?"

निघाली. पहिल्याच वळणावर चाक कमळाला लागलं.

"अगं ए! पाकळी गेली की!"

पुढच्या वळणावर कुयरी.

"डोळं फुटलं का? कुयरीवरनं जातीया, कुयरीवरनं! आन् त्या पिसाऱ्याला चाक लावलंस तर बघ, तंगडं हातात दीन!"

आमच्याकडं पोर चालायला लागलं की पहिला धपाटा रांगोळीवर पाय दिल्याचाच बसतो. माझ्या आईनं मला दिला, मी वैष्णवीला दिला. रीतच आहे ती. पोरगी लगेच सुधारली. वळणापाशी आली की टुणकन बाजूला सरकायची, कमळाच्या भाईरनं गर्रकन फिरायची, आणि पिसाऱ्यापाशी तर पाय असा अलगद उचलायची की मोराला वाराही लागू नये. मी रोज वाकून रेघ तपासायची. वाऱ्यानं उडेल तेवढीच रांगोळी भरावी लागायची. चाकानं विस्कटली म्हणून एक चिमूटसुद्धा नाही! मला वाटलं, आता हिला पुण्या-मुंबईत तोड नाही.

शुक्रवारी आरिफ सरांचा फोन आला.

"ताई, प्रॅक्टिस कशी चाललीय?"

"एक नंबर!"

"लाइन सांभाळतीय ना? सगळे मार्क लाइनीवरच असत्यात बघा."

"लाइनीचं काय सांगू तुमाला! पयल्या दिवशी काढली तशीच्या तशी हाय!"

"न्हाय, पन चाकाचा माग उठतोय न्हवं लाइनीवर?"

"माग? हिंमत हाय का तिची!"

फोन ठेवला तर हे दबकत म्हणाले, "अगं, रेघंवरनं जायचं असतंय म्हनं. रेघंच्या कडंनं न्हाय."

"तुमाला स्केटिंगमधलं काय कळतंय?"

(मला काय कळतंय, हे त्यांनी विचारलं नाही. संसार असाच टिकतो.)

रविवारी रिंकच्या कडेला आम्ही सगळे पालक ओळीनं बसलो. परीक्षक मॅडम बाहेरगावच्या, गळ्यात शिट्टी, तोंडावर हसू म्हणून नाही. रिंकवर पिवळ्या रंगाचा गोल आखलेला. नुसता. ना कमळ, ना काही. मला तर बाई दरिद्रीच वाटला तो.

वैष्णवीचं नाव पुकारलं. पोरगी निघाली ती हंसासारखी. मान ताठ, हात पसरलेले, वळण तर असं घेतलं की शेजारची बाई "आई गं" म्हणाली. मी तिला कोपरानं ढोसून सांगितलं, "माझी हाय." धपकन बसणं नाही, डगमगणं नाही. फक्त अख्खा गोल ती वीतभर बाहेरून चालली होती. ओल्या रंगाच्या भिंतीपासून पदर वाचवत जावं तशी.

मॅडम आरिफ सरांना म्हणाल्या, "ही मुलगी रेषेवर का येत नाही?"

आरिफ सरांनी माझ्याकडं बघितलं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी दुसरीकडं बघायला लागले, तर तिकडं वैष्णवी रिंकच्या कोपऱ्यापाशी आली होती. तिथं तिनं पाय अलगद उचलला आणि पलीकडं ठेवला. तिथं काहीच नव्हतं. नुसतं सिमेंट. पण तिनं पिसाऱ्यासाठी जागा सोडली.

मग मला बसवलं नाही. चपला कडेला काढल्या (का काढल्या, देवळात चालले होते का, ते विचारू नका) आणि थेट रिंकमध्ये घुसले.

"वैष्णवे! तुडव ती रेघ!"

"आई, बाहेर जा! टेस्ट चालू आहे!"

मॅडमनी शिट्टी मारली.

"ही बघ, मी तुडवती!" मी पदर खोचून पिवळ्या रेघेवर दोन्ही पायांनी उडी मारली. "कुणी मारलं का मला? न्हाय की! रंगाची हाय ही, रांगोळी न्हवं! तुडव!"

परत शिट्टी.

"अहो बाई, तुम्ही बाहेर व्हा!"

"जाती की! आधी माझ्या पोरीला तुडवू द्या!"

आरिफ सरांनी एक हात धरला, ह्यांनी दुसरा, पाठीमागनं आणखी दोघं आले. मी टाचा रोवल्या होत्या. पाय घासत घासत मला रिंकबाहेर नेलं, पण सांगायला हरकत नाही, शेवटपर्यंत मी रेघ सोडली नाही.

मॅडम आणि आरिफ सर यांचं कायतरी कुजबुजून बोलणं झालं. मला वाटलं, संपलं. पोरीचे बूट मीच घालवले. वैष्णवी मधोमध एकटी उभी, कान लाल झालेले. आणि मॅडम तिला म्हणाल्या, "पहिल्यापासून कर."

पोरीनं माझ्याकडं बघितलं. मी लांबूनच पाय आपटून दाखवला.

तिनं रेघेवर चाक ठेवलं. आधी भीत भीत. मग एक वळण रेघेवरच जमलं आणि तिच्या तोंडावर असं काही हसू आलं की मला कळलं, आता ही थांबत नाही. जन्मापासून चुकवलेल्या सगळ्या रांगोळ्या तिनं त्या एका गोलात तुडवल्या. गर्रकन फिरली ती रेघेवर, मागं गेली ती रेघेवर. मॅडमनी मान हलवली. पास!

बाहेर आल्यावर पोरगी आधी सरांच्या पाया पडली, मग ह्यांच्या गळ्यात पडली, आणि माझ्यापाशी येऊन "परत असं करू नकोस" म्हणाली. मी मनावर घेतलं नाही. पायऱ्यांवर उभी राहून भेटेल त्या पालकाला सांगत होते, "मी आत शिरले म्हणून पास झाली."

"ते मातुर खरं हाय, ताई," आरिफ सर म्हणाले. "न्हायतर दुसरा चान्स कुटला मिळतोय?"

"बघा! सर सोता सांगत्यात!"

"नियमच हाय तसा. चालू टेस्टमधी रिंकवर कायतरी अडथळा आला, तर पोराला पयल्यापास्नं करू द्यायचं. मागच्या साली कुत्रं शिरलं हुतं, तवा बॅचमधल्या मोईनला मिळाला हुता चान्स."

मी उगाच चपला शोधायला लागले. तेवढ्यात आमच्या ह्यांना कंठ फुटला.

"मी हुतो की तवा," ते म्हणाले. "ते कुत्रं एका शिट्टीत भाईर गेलं हुतं."