चष्मेवाल्यांचा सोलो

"एक मान काय, कोंबडीलाही असते!" असं म्हणून चष्म्याच्या दुकानाचे मालक, म्हणजे आपले चष्मेवाले, दोन मानांची इलेक्ट्रिक गिटार घरी घेऊन आले. वरच्या मानेवर बारा तारा, खालच्या मानेवर सहा. वजन असं, की गळ्यात अडकवली की माणूस आपोआप नम्र होई.

बायकोने गिटारीला परवानगी दिली, स्पीकरला नाही.

"हवं तेवढं वाजवा. फक्त मला ऐकू येता कामा नये."

झालं! इलेक्ट्रिक गिटार विजेशिवाय म्हणजे नुसती टिकटिक. पण चष्मेवाले दार लावून, डोळे मिटून ती टिकटिक वाजवत आणि उरलेला नाद मनातल्या मनात भरून घेत. गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवतानाही त्यांची बोटं तारा शोधत. एकदोघांनी दुकान बदललं.

लेकीचा स्वतःचा बँड होता. त्यात एकदा तरी वाजवावं म्हणून बापाचा जीव तुटत होता आणि लेक दाद लागू देत नव्हती. शेवटी तिचा गिटारवाला तापाने आडवा झाला.

"एकच गाणं, बाबा. सुरुवात आणि मधला सोलो. जमलं तर कायमचा ये. नाही जमलं तर पुन्हा विषय काढायचा नाही."

"अगं, डोळे मिटून वाजवीन!"

दुर्दैवाने त्यांनी शब्द पाळला.

कार्यक्रमात सुरुवात वरच्या मानेवर झाली. बारा तारा अशा झणाणल्या की लेकीने वळून हसून पाहिलं. चष्मेवाले धन्य झाले. सोलोसाठी त्यांनी हात खालच्या मानेवर नेला. आता, अशा गिटारीवर एक खटका असतो. कुठल्या मानेचा आवाज स्पीकरला जायचा, ते तो ठरवतो. घरी टिकटिक दोन्हीकडून सारखीच येत असल्याने चष्मेवाल्यांना तो शोभेचा वाटत आला होता.

सोलो सुरू झाला. खटका वरच्याच मानेवर राहिलेला, त्यामुळे स्पीकर गप्प! पण चष्मेवाल्यांचे डोळे मिटलेले आणि आवाज मनात भरून घ्यायची सवय पक्की. त्यांच्या डोक्यात सोलो गगनाला भिडला.

साउंडवाल्याला वाटलं, आपलीच चूक. त्याने घाईघाईने आवाज शेवटपर्यंत वाढवला. खालची मान वाजवताना हात वरच्या मानेवरून जातो, आणि चष्मेवाल्यांच्या बाहीचं बटण त्या बारा तारांवर घासत होतं.

"घर्रर्र! खर्रर्र! ढांग!"

पत्र्याचं गोदाम कोसळावं तसा आवाज. ड्रमवाला दचकला, त्याचा ठोका चुकला आणि मग तो त्या घर्रलाच धरून बडवू लागला. समोरची पोरं खुर्च्यांवर चढून किंचाळू लागली.

'हा ड्रमवाला आज जरा अतिच करतोय,' चष्मेवाल्यांच्या मनात आलं.

गाणं संपलं तरी टाळ्या थांबेनात. स्टेजमागे लेकीने बापाला घट्ट मिठी मारली.

"बाबा, पक्कं! आता प्रत्येक कार्यक्रमाला यायचं!"

चष्मेवाल्यांचे डोळे भरून आले. इतका आनंद त्यांना लग्नातही झाला नव्हता.

"सोलो आवडला ना?"

लेकीने ड्रमवाल्याकडे पाहिलं. ड्रमवाल्याने लेकीकडे.

"कुठला सोलो, काका?" तो म्हणाला. "तुम्ही ते बाहीने घासायचं तेवढं सोडू नका!"

चष्मेवाले आता बँडमध्ये कायम आहेत. बायकोने ते बटण दुहेरी दोऱ्याने शिवून दिलंय.