कमरेचा घेर गोपनीय आहे

"आपल्या दुकानातून आता एक इंचसुद्धा बाहेर जाणार नाही!" मास्तरांनी जाहीर केलं आणि कागद फाडायचं नवंकोरं यंत्र काउंटरवर दणकन ठेवलं.

मास्तर म्हणजे कोट शिवणारे. कोट असा शिवायचे की माणसाचं पोट कुठे गेलं हे त्याच्या बायकोलाही कळू नये! हाताखाली दोन कारागीर आणि काउंटरवर मोठ्या भावाची बायको, म्हणजे वहिनी. दुकानातला कॉम्प्युटर वहिनी सांभाळायच्या, आणि खरं सांगायचं तर मास्तरांनाही त्याच सांभाळायच्या. व्यापारी मंडळाने माहितीच्या सुरक्षेवर अर्ध्या दिवसाचा वर्ग ठेवला होता. मास्तर तिथे फुकटच्या चहासाठी गेले आणि परतले ते गल्लीतल्या प्रत्येक माणसाकडे संशयाने बघतच.

"भावजी, आपल्याकडे चोरण्यासारखं आहे तरी काय?"

"मापं, वहिनी, मापं! अकरा वर्षांची! अर्ध्या शहराची खरीखुरी पोटं आपल्या कॉम्प्युटरमध्ये आहेत. उद्या ती बाहेर फुटली तर बँकेचे मॅनेजर कुठल्या तोंडाने बँकेत जातील?"

मग नियम सुरू झाले. पासवर्ड चौदा अक्षरांचा. कॉम्प्युटरसमोरून उठलं की पडदा बंद. मापांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर, ती कपाटात. कागदाचा चिटोरा दिसला की यंत्रात.

"आणि सगळ्यात महत्त्वाचं! फोनवर कुणीही काही मागितलं तर द्यायचं नाही. मी मागितलं तरी नाही! हल्ली आवाजाची हुबेहूब नक्कल करतात. आधी असा प्रश्न विचारायचा, ज्याचं खरं उत्तर फक्त मलाच माहीत असेल. तीनदा चुकला की फोन बंद आणि नेटची वायर उपटायची. काय?"

वहिनींनी सगळं नीट कागदावर लिहून घेतलं. मास्तरांनी तो कागद यंत्रात घातला.

दुसऱ्या दिवशी मास्तर कापडाच्या पेठेत गेले. एका वाद्यवृंदाचे बत्तीस काळे कोट शनिवारपर्यंत द्यायचे होते. एवढं मोठं काम दुकानात कधीच आलं नव्हतं. ते वेळेवर झालं तर वर्षभर दुसरीकडे बघायला नको, आणि हुकलं तर पेठेत तोंड दाखवायला जागा नको!

"सडपातळ दिसताय, मास्तर," कापडवाले शेठ म्हणाले.

"रोज पहाटे चालतो ना! कंबर छत्तीस. लग्नात होती तेवढीच."

"वा! बोला, किती मीटर? हे काळं एवढंच उरलंय, आणि हे गृहस्थही त्यासाठीच थांबलेत."

बाजूला एक परका टेलर त्याच ताग्यावर हात ठेवून उभा होता. मास्तरांनी खिसा चाचपला. दुसरा चाचपला. मग आठवलं. मीटरचा हिशेब लिहिलेली चिठ्ठी काल संध्याकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने, मोठ्या अभिमानाने, यंत्रात सारली होती!

त्यांनी दुकानात फोन लावला.

"वहिनी, वाद्यवृंदाचं कापड किती मीटर लागतंय, तेवढं बघून सांगा."

पलीकडून वहिनींचा बर्फासारखा आवाज आला. "पुन्हा आलात? तुमच्या कमरेचा घेर किती?"

"काय?"

"कमरेचा घेर! कॉम्प्युटरमध्ये आहे. खरे भावजी असाल तर सांगा."

मास्तरांनी शेठकडे पाहिलं. शेठ कान टवकारून ऐकत होते.

"छत्तीस," मास्तर म्हणाले.

"चूक."

"अहो वहिनी, मीच बोलतोय! बरं, अडतीस."

"चूक. एकच संधी उरली."

"चाळीस!" मास्तर भिंतीकडे तोंड करून पुटपुटले.

"मेल्या, लाज नाही वाटत?" फोन बंद झाला. पुन्हा लावला तर लागेचना; वहिनींनी त्यांचा नंबरच ब्लॉक केला होता.

परक्या टेलरने ताग्याला मिठी मारली. मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. त्यांनी शेठचा फोन अक्षरशः हिसकावला.

"आता नंबरही बदललात?" वहिनी कडाडल्या. "पोलिसात देईन!"

"बेचाळीस!" मास्तर ओरडले. "वहिनी, बेचाळीस! श्वास सोडला की त्रेचाळीस!"

बाहेरून जाणारा हातगाडीवाला दारात थांबला.

"एक्काहत्तर मीटर," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "अस्तर वेगळं घ्या."

कापड मिळालं. गठ्ठा हातात देताना शेठ म्हणाले, "तुमच्या पँटचंही देऊ का? जरा जास्तच घालतो."

मास्तरांचा नुसता तिळपापड झाला होता. गठ्ठा खांद्यावर घेऊन ते दुकानात शिरले. "वहिनी! सगळ्या पेठेत माझी...!"

शेजारचा लाँड्रीवाला त्यांच्या स्टुलावर डोकं धरून बसला होता.

"माझं सगळं गेलं हो मास्तर," तो म्हणाला. "सकाळी भावाच्या आवाजात फोन आला, पाठवलेली लिंक दाब म्हणून. दाबली. कॉम्प्युटरच बंद पडला. कुठले कपडे कुणाचे, काही कळत नाही. दुसरी प्रतही ठेवली नव्हती."

"तोच मेला इथेही आला होता," वहिनी म्हणाल्या. "तुमच्याच आवाजात! तेच, लिंक दाबा म्हणून. माझा तर हात पुढे गेलाही होता."

मास्तरांनी खांद्यावरचा गठ्ठा खाली उतरवला. अकरा वर्षांची मापं, बत्तीस कोट, सगळं एका बोटावर आलं होतं! चारचौघांत झालेली शोभा कुठल्या कुठे गेली. आपल्या घरात एवढं खंबीर माणूस आहे, आणि आपण त्याला गृहीत धरत आलो, या विचाराने त्यांना भरून आलं.

"पण वहिनी, आवाज माझाच होता. मग तुम्हाला संशय आला कसा?"

"तो म्हणाला, 'वहिनी, तुम्ही किती करता हो आमच्यासाठी, फार आभारी आहे.'" वहिनींनी पदराने चष्मा पुसला. "अकरा वर्षांत भावजी असं एकदाही बोलले नाहीत. म्हटलं, हा नक्की भामटा."

लाँड्रीवाल्याने हळूच मान दुसरीकडे वळवली. मास्तर गळ्यातली टेप काढून काउंटरपाशी आले आणि अगदी मनापासून म्हणाले, "वहिनी, तुम्ही खरंच फार करता आमच्यासाठी. तुमचे आभार कसे मानू?"

वहिनींनी त्यांच्याकडे नखशिखांत रोखून पाहिलं, आणि नेटची वायर उपटली.