विषय क्रमांक नऊ

अकराच्या सभेला साडेबारा वाजता दहावा सभासद उगवला, तेव्हा कुठे तोरबुलाक नगर परिषदेच्या सचिव कालिपाचा जीव भांड्यात पडला. पंधरापैकी दहा. कोरम झाला. उरलेल्या पाचांपैकी तिघे मेंढ्यांच्या विणीत अडकले होते, चौथा दोन वर्षांपासून रशियात टॅक्सी चालवत होता, आणि पाचवा ‘तो चौथा येऊन माफी मागेपर्यंत मी सभेला येणार नाही’ म्हणून रुसून बसला होता. माफी कशाबद्दल मागायची, हे आता दोघांनाही आठवत नव्हतं.

कालिपाला आज एकच गोष्ट हवी होती. विषय क्रमांक नऊ: वरच्या आळीला पाण्याची लाइन. गावाच्या नावातला ‘बुलाक’ म्हणजे झरा, पण वरच्या आळीत एक नळ नाही. टेकडीखालच्या सार्वजनिक नळावरून बादल्या चढवण्यात कालिपाची बावीस वर्षं गेली होती आणि उजवा खांदा कामातून गेला होता. जिल्ह्यानं पाइप पाठवले होते, पण ते एकाच आळीला पुरणारे. कुठल्या आळीला, हे परिषदेनं ठरवायचं. परिषद तीन सभा ठरवत होती. तोवर पाइप आवारात पडून होते आणि त्यांत कोंबड्या अंडी घालत होत्या.

आता खोदाईचं यंत्र जिल्ह्याच्या डेपोत आजच्या दिवसापुरतं होतं. सगळे कालिपाला एजे, म्हणजे ताई, म्हणत; तिथला साहेबही सकाळी फोनवर म्हणाला होता, “एजे, पाच वाजेपर्यंत शिक्क्याचा ठराव दाखवा. फोनवर फोटो पाठवला तरी चालेल. पण पाच म्हणजे पाच. नाहीतर यंत्र डोंगरापलीकडे जाणार, मग भेटू पुढच्या वर्षी.”

कालिपाच्या कोटाच्या आतल्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. तिचा राजीनामा. नळ आला तर आनंदानं द्यायचा आणि नाही आला तर संतापानं द्यायचा, पण द्यायचा आजच, हे तिनं पक्कं केलं होतं. नळ आला तर नळाशेजारी स्टूल टाकायचं, चहाचा पेला घ्यायचा आणि पाणी वाहताना बघत बसायचं. पुढच्या आयुष्याचा तिचा एवढाच बेत होता.

“अध्यक्ष, नववा विषय आधी घेऊ या का?” तिनं विचारलं.

अध्यक्ष दोरोनबेक मनानं चांगला माणूस होता, फक्त त्याला कोणालाच नाही म्हणता येत नसे. “घेऊ की!” तो म्हणाला.

“हरकत!” गिरणी आळीचा सिदिकबेक उभा राहिला. “तहकूब विषय शेवटी घ्यायचा, असा नियम आहे.”

“तेही खरंच,” दोरोनबेक म्हणाला.

नियम खरा होता. विषय तहकूब झाला की शेवटी जायचा, शेवटपर्यंत सभा टिकायची नाही, की पुन्हा तहकूब, म्हणून पुन्हा शेवटी. हा नियम ज्यानं केला त्याला एकदा दोन बादल्या देऊन टेकडी चढायला लावावी, असं कालिपाला फार वाटे.

मग मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून झालं. त्यात ‘गरमागरम चर्चा झाली’ असं का लिहिलं, यावर गरमागरम चर्चा झाली. मोकाट कुत्र्यांवर पाऊण तास गेला, कारण दोन कुत्री सभासदांचीच निघाली. बाजारातला दिवा दिवसा जळतो आणि रात्री विझतो, त्यावर ‘निदान जळतो तरी’ असं ठरलं. अडीच वाजता आठवा विषय संपला. कालिपानं टाइप करून आणलेला ठराव फाइलमधून काढला, शिक्क्याची डबी उघडली.

आणि मामबेतकुल आक्साकाल जागे झाले.

मामबेतकुल सत्त्याऐंशी वर्षांचे, गावाचे आक्साकाल, म्हणजे सर्वांत मानाचे वडीलधारे. ते सभासद नव्हते, पण गावात दाराच्या समोरची मानाची जागा रिकामी ठेवून काहीच सुरू होत नाही, म्हणून प्रत्येक सभेला त्यांना आणून तिथे बसवत. ते उबेला पेंगत आणि शेवटी दुआ देत. आज त्यांनी डोळे उघडले ते शांतता पसरल्या क्षणी. त्यांना वाटलं, संपलं. त्यांनी दोन्ही तळवे उघडून समोर धरले.

“अहो आक्साकाल, थांबा, अजून एक—” कालिपा ओरडली.

“गावात सुखशांती नांदो, मेंढ्यांना जुळी होवोत! ओमीन!”

“ओमीन!” दहाच्या दहा सभासदांनी तोंडावरून हात फिरवले. ती सवयच. कालिपानंही फिरवले. आणि क्षणात खुर्च्या सरकल्या, टोप्या डोक्यावर चढल्या.

“बसा! कुठे निघालात? नववा विषय राहिलाय!”

“एजे, दुआ झाल्यावर कोणी बसतं का?” सिदिकबेक कोट चढवत म्हणाला. “माझा चुलता बसला होता एकदा. त्याच हिवाळ्यात छप्पर उडालं.”

“छप्पर उडालं कारण त्यानं खिळे वाचवले होते! कायद्यात सभा अध्यक्ष संपवतो. दुआ नाही संपवत.”

सगळ्यांनी दोरोनबेककडे पाहिलं. दोरोनबेकनं आक्साकालांकडे पाहिलं आणि घाम पुसला. “एजे, तुमचं म्हणणं खरं आहे. पण बसवत नाही हो.”

सचिव म्हणून बावीस वर्षांत कालिपानं सभागृहात कधी आवाज चढवला नव्हता. आज टेबलावर शिक्का असा आपटला की शेजारच्या खोलीत टाइपरायटरची घंटा वाजली. “ठीक आहे. ही सभा संपली. आता मी तातडीची विशेष सभा बोलावते. सगळे बाहेर जा, दारातून पुन्हा आत या. नवी सभा, नवी सुरुवात, शेवटी नवी दुआ. कोणाच्या छपराला धक्का नाही!”

यात कोणाला खोट सापडेना. सगळे आज्ञाधारकपणे ओळीनं बाहेर गेले आणि ओळीनं आत आले. कालिपानं डोकी मोजली. नऊ.

“दहावा कुठे गेला?”

“ओर्मोन ना? दारातच उलकान अपा उभी होती,” कोणीतरी सांगितलं. “तिची गाय अडलीय. त्याला ओढतच नेलं.”

ओर्मोन परिषदेचा सभासद होता आणि गावातला एकुलता एक गुरांचा डॉक्टर. उलकान अपा राहायची वरच्या आळीत, टेकडीच्या पार टोकाला. घड्याळात तीन वाजले होते.

“चला,” कालिपा म्हणाली.

“कुठे?”

“सभेला. सभा गावाच्या हद्दीत घ्यायची, एवढंच कायद्यात आहे. गोठ्यात नको, असं कुठे लिहिलेलं नाही.”

सिदिकबेकनं हरकत घ्यायला तोंड उघडलं, पण कालिपाचा चेहरा बघून मिटलं. तोरबुलाक नगर परिषद इतिवृत्ताची वही, शिक्का आणि फाइल घेऊन वितळत्या बर्फाच्या चिखलातून टेकडी चढू लागली. आक्साकालांना मागे ठेवणं शक्यच नव्हतं. त्यांना गाढवाच्या गाडीत गोधडीवर बसवून आणलं. अर्ध्या वाटेवर दोरोनबेक थांबला. धापा टाकत म्हणाला, “एजे, तुम्ही रोज चढता ही?”

“दिवसातून तीनदा. बादल्यांसकट.”

गोठ्यात ओर्मोन खांद्यापर्यंत बाही सारून उभा होता, आणि त्याचा उजवा हात कोपरापर्यंत गाईच्या आत होता. डाव्या हातात त्यानं शेपूट धरलं होतं.

“ओर्मोन, कोरम झाला,” कालिपा म्हणाली. “वरच्या आळीला पाणी द्यायचं, याला अनुकूल असाल तर हात वर करा.”

“कोणता करू, एजे?” ओर्मोन दातओठ खात म्हणाला. “हा बाहेर काढला तर वासरू जाईल आणि तो सोडला तर माझं नाक जाईल!”

“तोंडी सांगितलं तर?” दोरोनबेकनं सुचवलं.

“हरकत,” सिदिकबेक म्हणाला. “हात वर करूनच मतदान, असा नियम आहे. शिवाय आळी कोणती, हेच अजून ठरलेलं नाही. गिरणी आळीत घरं जास्त आहेत.”

“पण बाजारात लोक जास्त येतात,” दुसरा म्हणाला.

“आणि आमची पुलाकडची आळी? तिथे पाणी नको का?”

झालं. गोठ्यात नऊ सभासद एकदम बोलू लागले, गाय हंबरू लागली, आणि चार वाजले. कालिपा भिंतीला टेकून उभी राहिली. तिला रडू येत होतं, आणि गोठ्यात सभासदांच्या पुढ्यात रडायची तिची बिलकूल तयारी नव्हती.

इतक्यात उलकान अपा ओरडली, “बडबड बंद करा रे! डॉक्टरला हात धुवायला पाणी लागणार आहे. घरात थेंब नाही. तुमच्यात सगळ्यांत लहान कोण?”

सगळ्यांनी सिदिकबेककडे पाहिलं. तो चव्वेचाळीसचा होता, पण चौघांत जो लहान त्यानंच उठायचं, या नियमाला हरकत चालत नाही. त्यानं दोन बादल्या उचलल्या आणि टेकडी उतरला. तो वर आला तेव्हा साडेचार वाजून गेले होते. दोन बादल्यांतलं पाणी मिळून सव्वा बादली उरलं होतं, उरलेलं त्याच्या बुटात होतं. त्यानं बादल्या ठेवल्या आणि त्यांच्याच शेजारी चिखलात बसकण मारली.

“गिरणी आळीत असं चढवावं लागतं का रे पाणी?” उलकान अपानं विचारलं.

सिदिकबेकनं नकारार्थी मान हलवली. मग त्यानं बूट काढून त्यातलं पाणी ओतलं.

आणि त्याच वेळी वासरू आलं. ओर्मोननं शेवटचा जोर लावला, आणि ओलं, लडबडलेलं, चारही पाय चार दिशांना गेलेलं वासरू गवतावर पडलं. परिषदेनं एकमुखानं टाळ्या वाजवल्या. तीन वर्षांत परिषदेचं एकमत झालेलं पहिलंच काम. गाईनं वळून बघताना लाथ झाडली, भरली बादली आडवी झाली आणि खाली ठेवलेल्या फाइलवरून आणि वहीवरून पाण्याचा लोंढा गेला. टाइप केलेला ठराव कालिपानं उचलला तर त्याचे हातात दोन तुकडे आले.

पाच वाजायला बारा मिनिटं होती. उलकान अपा बोरसोकांचं, कणकेच्या तळलेल्या गोळ्यांचं, ताट घेऊन बाहेर आली. नवं वासरू, समोर अन्न, भोवती माणसं.  कालिपानं झटकन आक्साकालांकडे पाहिलं. ते गोधडीवर ताठ बसले होते आणि त्यांचे तळवे उघडायला लागले होते.

वासराची दुआ झाली की ही सभाही संपली. मग पुढचं वर्ष.

आणि तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दुआ झाल्यावर कोणी बसत नाही. दुआ झाल्यावर कोणी वादही घालत नाही.

ती चिखलातून धावली आणि आक्साकालांच्या कानाशी वाकली. “आक्साकाल, वासराबरोबर वरच्या आळीच्या पाण्यालाही दुआ द्या. ह्या आळीचं नाव घेऊन द्या.”

आक्साकालांनी तिच्याकडे पाहिलं. दिवसभर पेंगणाऱ्या माणसाची ती नजर नव्हती. “मला वाटलं, तू विचारणारच नाहीस,” ते हळूच म्हणाले. “तीन सभा झोपून कंटाळलो मी.”

मग तळवे वर धरून त्यांनी घसा साफ केला. “वासरू वाढो, दूध भरभरून देवो! आणि ह्या वरच्या आळीला ह्याच वसंतात पाणी येवो!”

सगळ्यांचे हात वर होते. ओर्मोनचेही, कोपरापर्यंत माखलेले. सिदिकबेकचेही, बादलीच्या कडीचे वळ उठलेले. कालिपानं मोजले. दहा सभासद, वीस हात. आयुष्यात इतकं सुंदर मतदान तिनं पाहिलं नव्हतं. आनंदानं तिनंही हात पुढे केले.

“आणि आमच्या ह्या कालिपानं,” आक्साकाल पुढे म्हणाले, “अजून वीस वर्षं गावाचे कागद सांभाळावेत! ओमीन!”

“ओमीन!” सगळे गरजले, आणि सगळ्यांचे हात तोंडावरून फिरले.

कालिपाचेही. ते फिरले तेव्हा तिला कळलं, पण तोवर ते हनुवटीपर्यंत आले होते.

“अध्यक्ष,” ती कशीबशी म्हणाली, “मला आज एक अर्ज द्यायचा होता—”

“एजे,” दोरोनबेकनं दोन्ही हात पाठीमागे घेतले, “दुआ झाल्यावर?”

सिदिकबेक चिखलातून उठला. “हरकत नाही,” तो म्हणाला. हे शब्द त्याच्या तोंडून पहिल्यांदाच निघत होते. “पाणी वरच्या आळीलाच. पण लवकर लिहा एजे, सहा मिनिटं राहिलीत.”

लिहायला कागद नव्हता. फाइल भिजली होती, वहीचा लगदा झाला होता, उलकान अपाच्या घरी कागद म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. कालिपानं कोटाच्या आतल्या खिशात हात घातला. घडी कोरडी होती. तिनं ती उलगडली, क्षणभर पाहिली, आणि पालथी घातली.

गाडीच्या फळीवर कागद ठेवून, दुखऱ्या खांद्यानं तिनं लिहिलं: ‘तातडीची विशेष सभा. स्थळ: उलकान अपांचा गोठा. उपस्थित: दहा. वरच्या आळीला पाण्याची लाइन देण्याचा ठराव सर्वानुमते, दोन्ही हात वर करून, मंजूर.’ दोरोनबेकनं सही केली. तिनं शिक्का मारला, फोटो काढला, पाठवला. पाचला एक मिनिट कमी असताना उत्तर आलं: ‘मिळाला. यंत्र तुमच्यासाठी थांबवलं, सोमवारी निघेल.’

उलकान अपानं कालिपाच्या हातात गरम बोरसोक ठेवला आणि तिचा खांदा थोपटला, नेमका दुखरा. कालिपानं बोरसोकाचा मोठा घास घेतला. दोरोनबेक ठराव वाळवण्यासाठी हवेत धरून उभा होता. उजेडात कागदाच्या पलीकडची अक्षरं दिसली, तसे त्यानं डोळे बारीक केले.

“एजे, मागच्या बाजूला काय लिहिलंय हो?”

कालिपानं त्याच्या हातातून कागद काढून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

“काही नाही,” ती म्हणाली. “तहकूब विषय आहे. शेवटी घेऊ.”